चाक बांधून पाहणाऱ्या द्वारकाबाई

आमच्या घरात माझ्या आधी कोणी पेनात शाई भरली नव्हती. हे मी लाजून सांगत नाही, छाती काढून सांगतो. लोणारच्या अलीकडे दुसऱ्याच्या विहिरीवर आमचा वाटणीचा भाजीपाला होता. विहीर त्याची, जमीन त्याची, मोट आमची, कंबर आमची आणि भाजी निम्मी-निम्मी. माय तांबडं फुटायच्या आत वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघायची. जे विकलं जायचं नाही ते आमच्या ताटात यायचं. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, वांगं हे मुळातच सुरकुतलेलं फळ आहे.

माझी मोठी बहीण कौसल्या माझ्यापेक्षा हुशार. पाढे मला तिनेच शिकवले, तेही वाफ्यात खुरपता खुरपता. सातवी झाल्यावर मला हायस्कुलासाठी मेहकरला मामाकडे ठेवलं आणि ती कांद्याच्या वाफ्यात राहिली. तिला कोणी 'शिकू नको' म्हटलं नाही. तसा विषयच निघाला नाही. पोरगी परगावी ठेवत नसतात, यात बोलण्यासारखं काय होतं?

पुढे अमरावतीला वसतिगृहात वाढप्याचं काम करत मी कॉलेज केलं आणि बी.एस्सी. झालो. बाबांनी गल्लीत गूळ वाटला. मायनं विचारलं, "आता तुले काय येते बाप्पा?"

म्हटलं, "पाणी कशापासून बनते ते येते."

"मंग विहिरीत आणता येते का?"

"नाही."

"बरं. तरी पास झाला ना, बस झालं," म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

मला नोकरी लागली ती सुलतानपूरहून थोडं आत असलेल्या एका गावच्या हायस्कुलात. महाराष्ट्र राज्य होऊन दहाएक वर्षं झाली असतील. गावात वीज नुकती आली होती. तिथे मला द्वारका सोनुने भेटल्या. शाळेत सगळे त्यांना द्वारकाबाई म्हणत. आमच्या बाजूला बी.एस्सी. झालेली बाई तोपर्यंत मी पाहिली नव्हती. वर्तमानपत्रातसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी हेडमास्तर तांबट सरांनी मला प्रयोगशाळेकडे धाडलं. बाई टेबलावर उभ्या होत्या. पायात रबरी सपाता, अंबाड्यात टेस्टर खोचलेला. उजवा हात छताच्या होल्डरात आणि डावा हात पदरात गुंडाळून पाठीमागे. वळूनही न पाहता विचारलं, "कोण?"

"नवीन शिक्षक. लहाने. बी.एस्सी."

"भौतिक का रसायन?"

"रसायन."

"हरकत नाही. तो बल्ब द्या इकडे."

पाठीमागचा तो हात पाहून मला वाटलं, जुन्या वळणाची मर्यादा असेल. पुढे कळलं, की ती वळणाची गोष्ट नव्हती. "विजेच्या कामात एक हात घरी ठेवावा," असं त्या मुलांना सांगत. "एका हाताला लागली तर झटका बसते. दोन्हीले लागली तर छातीतून जाते." दुसरं एक वाक्य त्यांनी प्रयोगशाळेच्या दारावर खडूने लिहून ठेवलं होतं : देवाच्या दारात चप्पल काढा, विजेच्या दारात घाला. शाळेला भेट द्यायला आलेले एक कीर्तनकार ते वाचून बराच वेळ दारातच उभे राहिले होते. मग चप्पल घालून आत आले.

बाई वर्गात पुस्तकी बोलायच्या. चिडल्या, खूश झाल्या किंवा एखाद्या कामात बुडाल्या की वऱ्हाडी बाहेर यायची. पोरांना त्यावरून हवामान कळायचं. "तुम्ही गृहपाठ का केला नाही?" असं विचारलं तर भीती नसे. "काऊन रे, नाही केला?" असं आलं की पोरं वह्या सावरून बसायची.

बाई मूळच्या चिखलीच्या. वडील गुरांच्या बाजारात हेडी, म्हणजे बैलांच्या सौद्यातला मध्यस्थ. अक्षरओळख नाही, पण बैलाचा दात, खूर, डोळा वाचणारा माणूस. लहानपणी बाई बापाबरोबर बाजारात दावं धरून उभ्या राहायच्या. त्यांची सगळी विद्या तिथून सुरू झाली, असं त्या अभिमानाने सांगत. कॉलेजचा नंबर त्यानंतर.

आमच्याकडे बैल घेताना त्याची चाल पाहतात, पण चालीवर सौदा करत नाहीत. विकणारा बैलाला धुऊन, शिंगांना तेल लावून आणतो. रिकामा बैल ऐटीतच चालतो. म्हणून बैलबंडीत दगड भरायचे, दोरखंडाने तिचं चाक बांधून टाकायचं, आणि मग बैल जुंपून हाकायचा. बांधलेलं चाक फिरत नाही, फरफटत जातं. खरा बैल खांदा देतो, गुडघ्यावर येतो, पण ओढतो. खोटा बैल बसतो, नाहीतर मान फिरवून मालकाकडे पाहतो.

"माझ्या बापानं साऱ्या जगाचं चाक बांधलं," बाई सांगायच्या. "लोक म्हणत, 'पोरीले कॉलेजात काऊन घालतं?' बाबा म्हणे, 'चाक बांधून पाह्यलं जी. ओढते.'"

हे सांगताना त्या हसायच्या आणि मान थोडी ताठ करायच्या. आपल्या गुणांबद्दल लाजायची त्यांना सवय नव्हती. मला ते फार आवडायचं. आमच्या घरात कोणी कधी स्वतःबद्दल बरं बोललंच नव्हतं.

माझंही चाक त्यांनी बांधलं. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मला आठवीचा वर्ग दिला, तोही शेवटचा तास. त्या वर्गाने आधीच्या मास्तरांना बदली मागायला लावली होती. मी आठवडाभर घशाला कोरड पडेपर्यंत ओरडलो. शनिवारी बाईंनी चहा पाजला आणि म्हणाल्या, "बसले नाही तुम्ही. ओढून राह्यले. आता मी तुम्हाला शिकवीन, ओरडल्याशिवाय कसं शिकवायचं ते."

लग्नाचं मी कधी विचारलं नाही. एकदा त्यांनीच सांगितलं. एक स्थळ पाहायला आलं होतं, मुलगा तहसिलात कारकून. त्याने विचारलं, "स्वयंपाक येतो का?" बाई म्हणाल्या, "येतो. तुम्हाला पाणी शेंदता येते का? चला विहिरीवर, घागर भरून दाखवा." मुलगा हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की ही हसत नाही. "चहा पिऊन गेला बिचारा," बाई म्हणाल्या. "घागर तशीच राह्यली."

आता मूळ गोष्ट सांगतो.

आमच्या शाळेत आठवीपर्यंत सामान्य विज्ञान होतं. नववीपासून मॅट्रिकपर्यंत विज्ञान घ्यायची परवानगी शाळेला नव्हती. ज्याला विज्ञान हवं त्याने मेहकर नाहीतर चिखली गाठावी. मुलगे गाठायचे, कोणाकडे तरी पथारी टाकायचे. मुली कुठे जाणार? त्या शिवण-टिपण घेऊन मॅट्रिकला बसायच्या, नाहीतर आठवीनंतर घरी. बाईंना ही परवानगी हवी होती. शाळेच्या नावासाठी तांबट सरांनाही ती हवी होती. पण बाईंना ती एका ठरावीक पोरीसाठी, सुमनसाठी, हवी होती. सुमन आठवीत होती. बाप भाजीवाला, आमच्यासारखाच. बाई त्याच्याकडे जाऊन आल्या होत्या. तो म्हणाला, "गावात असलं तं शिकन ते. नाही तं घरी. बाहेरगावी मी पोरगी ठेवत नाही, बाई." त्याच्यावर रागावता येत नव्हतं. माझा बाप तेच बोलला असता.

परवानगीसाठी शिक्षणखात्याचे तपासणी साहेब येणार होते. प्रयोग होतात की नाही हे ते पाहणार होते. रसायनाचं मी पाहून घेतलं. अडत होतं विजेच्या प्रयोगांपाशी. त्यासाठी सेल लागत. चिखलीहून सेल आणायचे तर ते येईपर्यंत अर्धे दमलेले. उन्हाळ्यात कपाटातच फुगायचे आणि चिकट पाणी सोडायचे. एका प्रयोगाला दीड व्होल्ट लागायचा, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला बारा. प्रत्येक वेळी सेलांची माळ जोडायची आणि मधलाच एखादा मेलेला निघायचा.

बाई म्हणाल्या, "भिंतीत दोनशे तीस व्होल्ट आहेत अन् आपण दीड व्होल्टाची भीक मागून राह्यलो."

त्यांनी ठरवलं, की असं एक खोकं करायचं, जे भिंतीतली वीज घेईल, तिला खाली उतरवील आणि बटण फिरवून हवा तेवढा व्होल्ट देईल. रेडिओवाले लोक अशा वस्तूला एलिमिनेटर म्हणत, पण त्यांचा एकाच व्होल्टाचा असे. बाईंना फिरता हवा होता. सरपंच भिकाजी आप्पांच्या माळ्यावर एक मेलेला रेडिओ पडून होता. त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्या काढल्या. तांब्याची तार नव्याने गुंडाळायची होती, तर बाईंनी हातशिलाईच्या यंत्राच्या चाकाला लाकडी ठोकळा बसवला. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्याने तार सोडायची आणि वेढे मोजायचे. मोजताना कोणी बोललेलं चालत नसे. एकदा तांबट सर दारात येऊन म्हणाले, "बाई, सातवीची आजची हजेरी किती?"

"चारशे अठरा," बाई म्हणाल्या.

सर आल्या पावली निघून गेले. नंतर मला म्हणाले, "लहाने, त्यांना जरा विश्रांती घ्यायला सांगा."

ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेला आवर घालणारा छोटासा पुर्जा, अकोल्याहून मागवला. तो तापतो, म्हणून त्याला गार ठेवायला जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, डब्याचं झाकण त्याच्या पाठीला बसवलं. सुताराने सागवानी पेटी करून दिली. वर दोन बटणं, एक टप्प्याटप्प्याने फिरणारं आणि एक बारीक सरकवायचं. पेटी तयार झाली त्या दिवशी मी मीटर लावला. बटण फिरवलं. काटा दीडवर, सहावर, बारावर, सांगाल तिथे उभा राहिला. मी टाळी वाजवली. तांबट सरांनी शिपायाला पेढे आणायला पिटाळलं.

बाईंनी पेढा घेतला नाही. "रिकाम्या बैलाची चाल आहे ही," म्हणाल्या.

त्यांनी जीपवाल्याकडून पुढच्या दिव्याचा एक बल्ब आणून ठेवला होता. तो बारा व्होल्टांवर जोडला. बल्ब लालसर झाला, काटा घसरत घसरत सातवर आला आणि पेटीतून व्हार्निश तापल्याचा वास यायला लागला. बाईंनी बटण बंद केलं.

"पाह्यलं? मान फिरवून मालकाकडे पाह्यते."

तांबट सर चांगले माणूस, पण त्यांना तपासणीचा घोर होता. म्हणाले, "बाई, साहेब काय जीपचा दिवा घेऊन येणार आहेत? मीटर लावतील, काटा पाहतील. काटा बरोबर आहे ना?"

"काटा शिंगाचं तेल आहे, सर. पोरं काट्यावर शिकत नसतात. पोरं तार जोडतात, बल्ब जोडतात, लोहचुंबक करतात. वझं टाकलं की हे बसते."

आत गुंडाळलेली तार फार बारीक होती. वीज तिच्यातून नेटाने जाईना. बाईंनी सगळं उकललं. रविवारी एस.टी.ने चिखलीला गेल्या. तिथे शेतपंपांच्या जळालेल्या मोटरांत नवी तार भरून देणाऱ्याच्या दुकानात उभ्या राहिल्या. दुकानदार म्हणाला, "कितीची मोटर जळाली, बाई?"

"जळाली नाही. जळू नये म्हणून आली. जाड तार दाखवा."

वेढेही त्यांनी या वेळी जरा जास्तीचे घातले. कारण गावात विहिरींवरच्या सगळ्या मोटरा सुरू झाल्या, की भिंतीतले दोनशे तीस एकशे सत्तरवर यायचे. तेव्हाही बारा मिळाले पाहिजेत. जास्तीचं बटणाने खाली उतरवता येतं, नसलेलं वर चढवता येत नाही. पुन्हा जीपचा दिवा लावला. दिवा लख्ख पेटला आणि काटा जागचा फारसा हलला नाही. मी पेढ्याचा विषय काढला.

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "आता आठवीला द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी आठवीच्या वर्गात टेबलावर ठेवली. भिंतीकडची वायर बंदिस्त होती, तिथे कोणाचा हात जाणार नव्हता. बाहेर फक्त उतरवलेल्या विजेचे दोन खुंट. बाई म्हणाल्या, "हे मोडून दाखवा."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढी वर्षं मास्तर लोक 'मोडू नका' म्हणत आले होते.

"खरंच, बाई?"

"खरंच. जो मोडीन त्याले शाबासकी."

मग काय विचारता! कोणी बटणं गरागरा फिरवली, कोणी पेटीवर दप्तर आपटलं, एकाने वरून फुंकर मारली, दुसऱ्याने उलट्या तारा जोडल्या. पेटी टिकली. पोरं दमली. तेव्हा मागच्या बाकावरून सुमन उठली. केसातला आकडा काढला आणि दोन्ही खुंटांवर आडवा ठेवला. फट् असा आवाज झाला. काटा शून्यावर पडला तो उठलाच नाही. ट्रान्झिस्टर मेला होता. आमच्याकडे तो एकच होता आणि तपासणी तोंडावर आली होती.

सुमनचं तोंड एवढंसं झालं. वर्गातून कोणीतरी म्हणालं, "मेली बे आता सुम्मी."

"शाबास, सुमन!" बाई म्हणाल्या, आणि टाळ्या वाजवायला लावल्या.  बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, आता अकोल्याला कोण जाईल?"

"तुम्ही. आजच्याच गाडीनं. अहो, साहेबाच्या हातात मेला असता, त्याच्यापेक्षा तिच्या हातात मेला ते बरं का नाही?"

मी ट्रान्झिस्टर घेऊन आलो. तोवर बाईंनी तोच जीपचा बल्ब पेटीच्या आत विजेच्या वाटेवर बसवून टाकला होता. एरवी तो नुसता निजून राहायचा. कोणी तारा चिकटवल्या की जागा होऊन पेटायचा आणि सगळा ताण स्वतःवर घ्यायचा. मागचं सगळं वाचायचं.

तपासणीच्या आदल्या दिवशी भिकाजी आप्पा शाळेत आले. गव्हाला पाणी द्यायचे दिवस होते, दिवसभर मोटरा धडधडत. आप्पा म्हणाले, "बाई, उद्या साह्यब येऊन राह्यले. मी साऱ्याईले सांगून देतो, दोन घंटे मोटरा बंद. मंग पाहा तुमचा लाइट कसा लखलखते."

"नको आप्पा. मोटरा चालू पाह्यजेत."

"काऊन?"

"साहेब गेल्यावर पोरं कोणत्या लाइटावर शिकतीन?"

"अवं बाई, पाहुणा आल्यावर फाटकी सतरंजी आतरते का कोणी?"

"पाहुणा नाही ना तो. घेणारा आहे. घेणाऱ्याले फाटकं आधी दाखवा."

आप्पांनी तांबट सरांकडे पाहिलं. तांबट सरांनी आप्पांकडे पाहिलं. तेवढ्यात दोघांचं ठरलं.

साहेब आले. पुण्याकडचे, उन्हाने लाल झालेले, मोजकं बोलणारे. माझ्या परीक्षानळ्या पाहिल्या, मान हलवली. विजेच्या टेबलाशी आले. बाईंनी सुमनला उभं केलं होतं. साहेबांनी विचारलं, "हे उपकरण कुठून घेतलं?"

"मी केलं," बाई म्हणाल्या. 'आम्ही' नाही, 'शाळेने' नाही. मला ते इतकं बरं वाटलं, की काय सांगू!

सुमन बटणाला हात लावणार तोच बाईंनी वर छताच्या दिव्याकडे पाहिलं. दिवा पांढराशुभ्र जळत होता. बाहेर कान दिला. मोटरांचा आवाज नव्हता.

"थांब, सुमन," बाई म्हणाल्या. "साहेब, थोडा वेळ बसता का? गावातल्या मोटरा बंद आहेत. त्या सुरू करायला सांगते."

साहेबांना कळेना. "बंद आहेत तर बरंच आहे की. दाब चांगला मिळतो आहे."

"तेच खोटं आहे. एरवी असा नसतो."

"बाईंना जरा विनोदाची सवय आहे," तांबट सर हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

बाईंनी मग साहेबांना चिखलीचा बाजार सांगितला. दगड भरलेली बंडी, बांधलेलं चाक, खांदा देणारा बैल. पुस्तकी भाषेत सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला वऱ्हाडीत उतरल्या. साहेबांनी चष्मा काढला.

"आणि समजा, ओढलं नाही तर?"

"तर परवानगी देऊ नका."

तांबट सर खुर्चीवर बसले. सुमन बाईंकडे पाहत राहिली. तिचा पुढचा सगळा जन्म त्या एका वाक्यावर टांगलेला होता, आणि बाईंना ते माहीत नव्हतं असं नाही. त्यांचा डावा हात पदरात होता. विजेला हात लावायचा नव्हता तरीही.

मी सायकल घेऊन आप्पांच्या मळ्यावर गेलो. आप्पा म्हणाले, "बाई डोक्यावर पडली का काय जी? लोक बंद करा म्हून पाया पडतात!" पण त्यांनी मोटर टाकली आणि शेजाऱ्यांना हाळी दिली. एकेक करून मोटरा धडधडायला लागल्या. मी परत आलो तेव्हा छताचा दिवा पिकल्या निंबोळीसारखा पिवळा झाला होता.

"कर," बाई म्हणाल्या.

सुमनने पेटी सुरू केली. तारेचं वेटोळं आणि जीपचा मागचा लाल दिवा, दोन्हींचं वझं एकदम टाकलेलं. काटा सहाच्या बराच खाली गेला. तांबट सरांनी डोळे मिटले. सुमनने मोठं बटण एक टप्पा पुढे नेलं, बारीक बटण हळूच सरकवलं आणि काटा सहावर आणला. तो तिथे थांबला. तिने व्होल्टांचा आणि वेटोळ्यातून जाणाऱ्या विजेचा, असे दोन्ही आकडे वाचले, मग बारावर नेऊन पुन्हा वाचले. फळ्यावर भागाकार केला. उत्तर दोन्ही वेळा सारखंच आलं. ओहमचा नियम आमच्या गावात पहिल्यांदा सिद्ध झाला तो सगळ्या मोटरा चालू असताना.

साहेब खाली वाकून पेटी पाहत होते. "मुलांनी या दोन तारा एकमेकींना चिकटवल्या तर?"

"सुमन," बाई म्हणाल्या, "साहेबांना दाखव."

सुमनने केसातला आकडा काढला. मागच्या खिडकीत आठवीची सगळी डोकी गोळा झाली होती. तिने आकडा खुंटांवर आडवा ठेवला. पेटीच्या फटीतून आतला दिवा पेटलेला दिसला. काटा शून्यावर. तिने आकडा उचलला. दिवा विझला, काटा परत बारावर. साहेब म्हणाले, "पुन्हा." तिने पुन्हा केलं. मग साहेबांनी तिच्याकडे आकडा मागून घेतला आणि स्वतः करून पाहिलं. त्या वेळी ते साहेब वाटले नाहीत, आठवीतलेच वाटले.

जाताना ते म्हणाले, "परवानगी देणं माझ्या हातात नाही. शिफारस माझ्या हातात आहे. ती करतो." दारावरची चपलांची ओळ वाचली आणि प्रथमच हसले.

गाडी वळणाआड गेली, तेव्हा बाईंनी विचारलं, "पेढे कुठी हायेत?"

परवानगी आली आणि जून महिन्यात नववीचा विज्ञानाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गाच्या मॅट्रिकपर्यंत बाई होत्या. नंतर चिखलीला मुलींच्या एका मोठ्या शाळेने त्यांना बोलावून घेतलं. मी एस.टी.पर्यंत पोचवायला गेलो होतो. गाडी भरलेली. बाई खिडकीशी बसल्या. मी काहीतरी बोलणार होतो. तोवर शेजारच्या म्हाताऱ्याने आपली बॅटरी त्यांना दाखवली, ती पेटत नाही म्हणाला. बाईंनी अंबाड्यातला टेस्टर काढला. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा बॅटरीच्या बुडाशी वाकल्या. धुळीत गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्यांचं वाकलेलं डोकं मला दिसत होतं. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

सुमन विज्ञान घेऊन मॅट्रिक पास झाली. गावात राहून, रोज घरी जेवून. तिच्या वर्गात मुलग्यांपेक्षा मुली जास्त होत्या, आणि त्या सगळ्या पास झाल्या.